रात्री बदकं कोण नेतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही बडोद्यात कलालीकडे राहतो, टेनामेंट आहे, मागे वीस बाय पंधरा फुटांची मोकळी जागा आणि एक चिकूचं झाड. दिवाळीनंतर सहा खाकी कॅम्पबेल बदकं आणली, मुलीला फार लळा लागलाय. लाकडी चौकटीला कोंबडीची जाळी मारून खुराडं केलं होतं. मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी एक बदक डोकं नसलेलं सापडलं, गुरुवारी दुसऱ्याच्या मानेवर चावे, बाकी अंग तसंच. जाळी वरच्या कोपऱ्यात उचकटलेली. हे म्हणतात मुंगूसच, दिवसा आम्ही त्याला कुंपणावर बघतो, तर विष ठेवू. मला ते पटत नाहीये. उरलेली चार वाचतील का?
(एक वाचक, कलाली)

उत्तर: वाचतील, पण हे वाचून झालं की आजच्या संध्याकाळपासूनच कामाला लागा, कारण एकदा जिथे खायला मिळालं ती जागा जनावर विसरत नाही, ते परत येतंच.

आधी मुंगसाचं सांगते. मुंगूस दिवसाचं जनावर आहे, ऊन असताना हिंडतं आणि अंधार पडला की बिळात जाऊन झोपतं. अंडी पळवेल, दुपारी एखादं छोटं पिल्लू उचलेल, पण रात्री दोन वाजता जाळीच्या वरच्या कोपऱ्यातून आत शिरणारं ते नव्हे. आपल्याकडे सगळा दोष त्याच्यावर जातो कारण तेच काय ते आपल्याला दिसतं. तुमच्या वर्णनावरून मला उदमांजर वाटतंय, शेजारचे गुजराती काका वणियर म्हणत असतील बघा. ते झाडावर सरसर चढतं, भिंतीवरून आणि पत्र्यावरून फिरतं आणि वरूनच उतरतं. एरवी फळं खाणारं जनावर आहे, चिकूच्या झाडासाठीच येत असणार, आणि येता जाता खाली झोपलेली बदकं दिसली. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा पत्र्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसते का बघा, दिसली तर शंका घ्यायलाच नको.

तरी खात्री करायची असेल तर रांगोळीची पूड किंवा चुलीची राख चाळणीने खुराड्याभोवती पातळ पसरा आणि सकाळी झाडायच्या आधी बघा. कुत्र्याच्या पावलाला नखांच्या खुणा असतात, मांजराच्या नसतात कारण ते नखं आत घेऊन चालतं, दोघांची बोटं चार उमटतात. उदमांजराची पाच उमटतात. कुत्री आली असती तर बदकं अंगणभर फाडून टाकलेली मिळाली असती आणि खाल्लेलं फारसं काही नसतं. रानमांजर किंवा कोल्हा अख्खं बदक उचलून नेतो, मागे पिसांची रांग राहते.

आता विष. ताई, तुम्हाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे, यांना माझ्याकडूनही सांगा की नको. विष घातलेला तुकडा कोण उचलेल ते आपल्या हातात नाही, तुमचीच बदकं, सोसायटीतला कुत्रा, उंदीर खाऊन तुमचंच काम करणारं घुबड, कोणीही. शिवाय उदमांजर, रानमांजर, मुंगूस या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, मारणं गुन्हा आहे. आणि एक मेलं तरी चिकूचं झाड तिथेच आहे, पंधरा दिवसांत दुसरं येतं. काही लोक तारेत घरचा करंट सोडतात, ते तर चुकूनही करू नका, त्याने माणसं मरतात, मुलगी तिथेच खेळते तुमची.

खुराड्याकडे वळू. ती षटकोनी कोंबडीची जाळी कोंबडीला आत ठेवायला असते, बाहेरच्याला अडवायला नव्हे. कुत्रा ती दाताने फाडतो, उदमांजर कोपऱ्यातून उचकटतं. हार्डवेअरवाल्याकडे अर्धा इंची वेल्डमेश मागा, म्हणजे चौकोनी भोकांची जाळी, जाड तारेची. आणि ती नुसत्या खिळ्यांनी मारू नका, स्क्रूखाली मोठे वॉशर घाला, दर चार-पाच बोटांवर एक, कारण जाळी मधे फाटत नाही, ती कडेला सुटते. वरून पूर्ण बंद पाहिजे, पत्रा आणि भिंत यांच्यात तुमची मूठ जाते एवढी फट असेल तर तीही जाळीने भरा. चिकूची जी फांदी खुराड्यावर आलीये ती छाटून टाका.

खालून घूस आणि कुत्रं उकरतात. त्यासाठी जाळी जमिनीत पुरायचीच असं नाही, भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर आडवी पसरवा, वर विटा ठेवा, माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतं, जाळी लागते आणि सोडून देतं, मागे सरून लांबून उकरायचं त्याला सुचत नाही.

खालचे दोन फूट फळ्या किंवा विटा लावून बंद करा, जाळी त्याच्या वर. हे बरेच जण करत नाहीत. बदकं कोंबड्यांसारखी काठीवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात, आणि झोपतात ती बरोबर जाळीला टेकून. बाहेरून पंजा आला की मान सापडते. तुमच्या पहिल्या बदकाचं डोकं असंच गेलं असेल, सांगता येत नाही, पण असं होतं खरं.

पण पूर्ण पेटी करू नका हां! बदकांच्या श्वासातून आणि विष्ठेतून खूप ओल येते, बंद जागेत अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, आणि आपला मे महिना तर माहितीच आहे, बंद पत्र्याच्या खोक्यात रात्रीतच जीव जाईल. म्हणून वरच्या अर्ध्या भागात निदान दोन बाजूंना जाळी, हवा आरपार गेली पाहिजे. एका बदकाला साधारण चार चौरस फूट जागा धरा. खाली भाताचं तूस किंवा कोरडा पेंढा. दाणा रात्री आत ठेवू नका, त्याने उंदीर येतात आणि उंदरामागे साप, आणि पाण्याशिवाय नुसता दाणा तर कधीच नको कारण कोरडा दाणा त्यांच्या घशात अडकतो. उन्हाळ्यात नुसतं पाणी ठेवा, नाकपुड्या बुडतील इतकं खोल भांडं. दाराला साधी कडी पुरत नाही, कुत्रं ढकलून ढकलून सैल करतं, वर एक आणि खाली एक असे दोन बोल्ट लावा.

एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट राहते आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. संध्याकाळ. कोंबडी अंधारलं की आपणहून आत जाते, बदक जात नाही. त्याला बाहेरच छान वाटतं, रात्रीही ते चरत राहील. त्याला आत घ्यावं लागतं, रोज, उजेड असतानाच. माझ्याकडे आठ बदकं होती तेव्हा एका चैत्रात मी हळदीकुंकवाला गेले, गप्पांत उशीर झाला, साडेआठला घरी आले तर खुराडं पक्कं, जाळी नवी, दोन्ही बोल्ट जागेवर, आणि बदकं बाहेर. पाच होती. तीन गेली. त्या जाळीवर मी किती खर्च केला होता ते आठवून अजून जिवाला लागतं, आणि त्याहून जास्त ती तिघं.

म्हणून सवय लावा. दिवसभर कमी द्या आणि संध्याकाळचं चांगलं खाणं, भिजवलेला कोंडा, शिळा भात, चिरलेला पालक, फक्त खुराड्यात द्या, देताना रोज एकच हाक मारा. दोन आठवड्यांत रांगेने यायला लागतात, मुलीला हे काम द्या, फार आवडेल तिला. सुरुवातीला येत नसतील तर दोन्ही हातांत लांब काठ्या आडव्या धरून मागून हळूहळू चाला, पळवू नका, पाय धरून तर अजिबात उचलू नका, बदकाचे पाय फार नाजूक असतात. आणि घड्याळ लावून चालणार नाही, डिसेंबरात सहाला अंधारतं, जूनमध्ये साडेसातपर्यंत उजेड असतो, सूर्यावर लक्ष ठेवा. आत घेताना मोजा, मोठ्याने मोजा. सकाळी आठ-नऊच्या आधी सोडू नका, बदकं पहाटे अंडी घालतात, म्हणजे अंडीही आतच मिळतील.

रात्री लाल-निळे लुकलुकणारे दिवे, सेन्सरचे लाइट वगैरे मिळतात, चार-सहा दिवस उपयोग होतो मग जनावराला कळतं की यात काही नाही. खुराडं दुरुस्त होईपर्यंत लावा. तेवढे दिवस बदकं बाथरूममध्ये झोपली तरी चालेल, खरंच सांगते, गोणपाट अंथरा.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, दांडिया बाजारच्या आमच्या जुन्या वाड्यात आजी आणि मी राहतो. देशी बदकीने अकरा पिल्लं काढली, आता सात आहेत. रोज रात्री एक कमी. रक्त नाही, पीस नाही, काहीच नाही. आजी म्हणते जागेचा दोष आहे.
(एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर: आजीला माझा नमस्कार सांग. दोष जागेचाच आहे पण वेगळा, जुन्या वाड्याच्या जोत्यात घुशीची बिळं असतात आणि भिंतीत सापाला जागा. खूण न ठेवता पिल्लं जातात तेव्हा या दोघांपैकीच कोणीतरी असतं. बिळाच्या तोंडाशी पिसं, ओढल्याची खूण किंवा एखाद्या पिल्लाच्या पायाला चावा दिसला तर घूस. काहीच दिसलं नाही, अंडीही टरफलासकट जातात, तर साप. धामण असेल तर ती बिनविषारी असते आणि उंदीर संपवते, तिला मारू नकोस. नाग असेल तर मात्र हात घालायचा नाही, सर्पमित्राला बोलाव, म्हणून अंधारात बिनबॅटरीचा जाऊ नकोस.

उपाय दोन्हींवर एकच. बदकीसकट सगळी पिल्लं रात्री अशा खोक्यात ठेव ज्याचा तळही जाळीचा किंवा फळीचा आहे, आणि जाळी अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको, पाव इंची मिळाली तर उत्तम, लहान साप अर्ध्या इंचातूनही येतो. खोका जमिनीवर नको, टेबलावर किंवा चौरंगावर ठेव, भिंतीपासून लांब. बिळं काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजव, आधी दोन दिवस कागद कोंबून बघ कुठलं चालू आहे ते. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की घुशीला जड जातात, तोपर्यंत सांभाळायचं. सात आहेत ना, सातही मोठी होतील.

प्रश्न: आमची सोसायटी कांसला, म्हणजे मोठ्या नाल्याला लागून आहे, सहा बदकं आहेत. २०२४ च्या पुरात गल्लीत मगर आली होती. पावसाळ्यात बदकं ठेवावीत की कुणाला देऊन टाकावीत?
(एक वाचक, समा)

उत्तर: ठेवा, पण पावसाळ्याचे नियम वेगळे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, विश्वामित्री पावागढकडून येते आणि बडोद्याच्या मधोमध वाहते, तिच्यात मगरी राहतात, आणि शहरातले मोठे नाले, ज्यांना आम्ही कांस म्हणतो, नदीला जोडलेले आहेत. पाणी चढलं की मगर कांसमधून वर येते, त्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा कितीतरी मगरी वस्तीतून पकडून परत सोडाव्या लागल्या.

जून ते सप्टेंबर बदकं कांसवर सोडायची नाहीत, दिवसाही नाही. आंघोळीला टब द्या आणि संध्याकाळी रिकामा करून पालथा घाला. कुंपणाचा खालचा भाग विटांचा पाहिजे, नुसती जाळी मगरीला काहीच नाही. मगर दिसलीच तर मुलांना आत घ्या, वनखात्याला फोन करा, दगड कोणाला मारू देऊ नका.

पण मला मगरीपेक्षा तुमच्या बोल्टची जास्त काळजी वाटते. रात्री आपण बदकं पक्की कोंडतो, आणि तेच पाणी शिरलं की घात करतं, बदक पोहतं पण छताखाली कोंडलेलं बदक पाणी चढल्यावर बुडतं. म्हणून आजवा तलावातून नदीत पाणी सोडल्याची बातमी आली की वाट बघू नका, त्याच संध्याकाळी सगळी गच्चीच्या जिन्यावर न्या. भाजीवाल्याकडची दोन-तीन प्लॅस्टिकची क्रेट आधीच आणून ठेवा, एकात दोन बदकं, वरून जाळी बांधायची. उचलताना पंख अंगाशी धरून, पोटाखाली हात घालून.

पूर ओसरला म्हणून लगेच सोडू नका. साचलेल्या पाण्यात मेलेली जनावरं कुजतात, ते खाल्लं की बदकांची मान लुळी पडते आणि वाचवणं कठीण होतं. आधी अंगण धुऊन कोरडं करा, तूस नवीन टाका, भिजलेला दाणा वाळवून वापरू नका, त्याला बुरशी येते आणि बदकांना ती कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त बाधते. सगळा फेकून द्या, महागाचा असला तरी. मग सोडा, आणि पहिले दोन दिवस तिथेच खुर्ची टाकून बसा.