जुनी बराक, नवा वापर: तुमचे प्रश्न

प्रश्न: धरणगावात भिल्ल पलटण 1825 ला उभी राहिली, मग आमची बराकही 1825 चीच ना?

पलटण 1825 ची हे खरं, जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभी केली. पण म्हणून भिंत तेव्हाची ठरत नाही. जुने नकाशे, महसुली कागद काढा.

प्रश्न: बराकीच्या भिंतीला खालून ओल येते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वॉटरप्रूफिंग टाकून सिमेंटचं प्लास्टर मारू, दहा वर्षं बघायला नको. करू का?

नको! दर महिन्याला हेच पत्र, फक्त गाव वेगळं. अहो, चुन्यातली भिंत श्वास घेते, जमिनीतून चढलेलं पाणी ती बाहेर सोडते, तुम्ही तिच्यावर सिमेंटचा रेनकोट चढवला की पाणी आत कोंडतं आणि वर सरकतं, मग चार फुटांपर्यंत प्लास्टर केलं तर ओल सहा फुटांवर दिसते आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो अजून दोन फूट वाढवू. त्याचं बिल वाढतं, दुसरं काय! मागे एका ठिकाणी असलं प्लास्टर मी हातोडीने ठोकलं, पोकळ वाजलं, पत्र्यासारखा तुकडा निघाला आणि मागची वीट रव्यासारखी हातात आली. क्षारांनी खाल्लेली. आधी बाहेर भिंतीला टेकलेला मातीचा भराव काढा, पन्हाळीचं पाणी लांब सोडा, भिंत वाळू द्या, मग चुन्याचं प्लास्टर. आणि एवढं वाचून लगेच सुरू करू नका, आधी संवर्धनाचं काम केलेल्या माणसाला भिंत दाखवा.

प्रश्न: चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घातलंच पाहिजे असं म्हणतात.

कोण म्हणतं? यूट्यूब? चुना नीट भिजवलेला, मुरलेला असणं महत्त्वाचं. बाकीचं जुन्या चुन्याची तपासणी करून ठरवायचं.

प्रश्न: वरच्या मजल्यावर वाचनालय करायचंय, सागवानी तुळया दणकट दिसतात.

दिसतात हो. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलोसाठी धरतात, पुस्तकांच्या रॅकसाठी निदान 600. शिवाय तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असतं, कुजणं तिथूनच सुरू होतं आणि खालून काही दिसत नाही. पुस्तकं तळमजल्यावर, वर वाचायला टेबलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट आल्याशिवाय तेही नको.

प्रश्न: किल्ल्याच्या तटाला लागून घर आहे, स्लॅब टाकू का?

केंद्र संरक्षित किल्ला असेल तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. दुरुस्तीलाही लागते. अर्ज आजच करा, पावसाळ्याच्या तोंडावर धावपळ करून तारीख मिळत नसते.