वाचक विचारतात : कार्पच्या काठीवरचे पौंड

प्रश्न : कटला आणि सायप्रिनस या कार्प माशांसाठी पहिल्यांदाच कार्प रॉड घेतोय. दुकानात १२ फुटी दोन रॉड दाखवले, एकावर २.७५ आणि दुसऱ्यावर ३.५ पौंड छापलंय. साडेतीन पौंड म्हणजे जेमतेम दीड किलो. पाच-सहा किलोचा मासा हा रॉड पेलेल का? गळ टाकणार कळंबा तलावावर.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पेलेल, दोन्ही पेलतील. तो आकडा माशाच्या वजनाचा नाहीच. मूठ घट्ट बांधून शेंड्याकडून दोरा ओढला, तर शेंडा मुठीशी काटकोनात येईपर्यंत जेवढा ओढा लागतो तो हा आकडा. त्याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. २.७५ पौंड म्हणजे सव्वा किलो, ३.५ म्हणजे सुमारे १.६ किलो. पाण्यातला मासा जवळजवळ तरंगताच असतो. रॉडवर येते ती त्याची ओढ, आणि ती वाढली की रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोऱ्याचा ब्रेक, दोरा सोडतो. इंग्लंडमधल्या रेडमायर तळ्यात १९५२ साली रिचर्ड वॉकर यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे २० किलोचा कार्प काढला, तो चिरलेल्या बांबूच्या दीड पौंडी काठीवर.

आकड्याचा खरा उपयोग फेकीसाठी. एका पौंडाला एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, हा सोपा हिशेब. २.७५ ला ७८ ग्रॅम, ३ ला ८५, ३.५ ला साधारण १००. आपल्याकडे चूक होते ती इथे. शिसं मोजतात, पेंड मोजत नाहीत. ६० ग्रॅमचं शिसं आणि आमिष धरणाऱ्या स्प्रिंगभोवती दाबलेली ४०-५० ग्रॅम ओली शेंगदाणा पेंड मिळून शंभरी ओलांडते. एवढं ओझं २.७५ च्या रॉडवर पूर्ण जोरानं फेकलं, की वरच्या भागात बारीक चीर जाते. ती दिसत नाही, आणि पुढे भलत्याच वेळी, लहानशा माशावर रॉड मोडतो. तेव्हा शिसं, स्प्रिंग, पेंड, गळ सगळं एकत्र किराणा काट्यावर तोला आणि मगच दुकानात जा.

कळंब्याचं पाणी स्थिर आहे. ७५ ग्रॅमच्या आत भागत असेल तर २.७५ च घ्या. साडेतीनचा रॉड ताठ असतो. काठाजवळ मासा शेवटची उसळी घेतो तेव्हा रॉड वाकत नाही, सगळा झटका माशाच्या ओठावर येतो आणि ओठ फाटून गळ निघतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याखाली पाण्याला ओढ असताना १०० ग्रॅमचं शिसं तळाशी टिकवायचं असेल किंवा तळाला झाडांची खोडं असतील, तरच साडेतीन.

एक गोष्ट मात्र आकडा सांगत नाही : रॉड कुठून वाकतो. ३ पौंडाचे दोन रॉड घ्या, एक फक्त वरच्या तिसऱ्या भागात वाकेल, दुसरा मुठीपर्यंत. पहिला लांब फेकतो, दुसरा मासा सांभाळतो. नवख्यानं दुसरा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या रॉडवर फक्त ‘४०-८० ग्रॅम’ लिहिलंय. पौंड कसे काढायचे?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : वरचा आकडा २८ नं भागा. ८० चे येतात २.८५, म्हणजे रॉड पावणेतीनच्या आसपास. पण ८० ही कमाल आहे. रोज ५०-६० ग्रॅमच फेका.

खात्री हवी असेल तर गच्चीवर रॉड जमिनीवर आडवा ठेवा आणि मूठ दोघांना घट्ट दाबून धरायला सांगा. दोरा सगळ्या कड्यांतून ओवून ड्रॅग पूर्ण आवळा. टोकाला ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, बांधून मुठीशी काटकोनात सावकाश ओढत जा. शेंडा ओढीच्याच दिशेला वळला, की काटा वाचा. किलोला २.२ नं गुणलं की पौंड. शेवटच्या थोड्या वाकात काटा भराभर चढतो, म्हणून पाव पौंडाचा फरक मनावर घेऊ नका. हातानं शेंडा धरून कधीही वाकवू नका, सगळा ताण त्या वीतभर भागात येऊन तो तुटतो.

प्रश्न : २.७५ च्या रॉडला तंगूस किती जाड?
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : टेस्ट कर्व्हची पाचपट. इथे साधारण १४ पौंड, म्हणजे सव्वासहा किलोचा तंगूस. जाडी ०.३५ मिमीच्या आसपास येते, पण वेष्टणावरचे किलो बघूनच घ्या. ड्रॅग याच्या पाव भागावर, दीड किलोला सुटेल असा ताणकाट्यानंच लावा. विणलेला दोरा वापरत असाल तर आणखी सैल, कारण तो ताणत नाही. मासा काठाशी आला की रॉड डोक्यामागे नेऊ नका आणि त्याच्यानं मासा उचलू नका. पाण्याबाहेर आल्यावर मात्र त्याचं पूर्ण वजन शेंड्यावर येतं. हातजाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर ओढून घ्या.