बेळगावहून लंडन किती लांब, विमानाला किती तास?

तुमचा प्रश्न असा, की बेळगाव ते लंडन अंतर किती, आणि तिकिटावर जाताना पाच तास नि येताना तेरा तास असं का दिसतं? तीन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला निघाले, तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं. पाच तासांत लंडन? इथून पुण्याच्या एस्टीलाही त्याहून जास्त वेळ लागतो!

अंतर सरळ मोजलं तर बेळगावपासून सुमारे 7,600 किलोमीटर, मुंबईपासून 7,200. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, थेट विमान नाही, त्यामुळे मुंबई किंवा बंगळूरसारखं मोठं शहर गाठावंच लागतं.

आता ते पाच तास. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची छापतात आणि पोचायची लंडनच्या. लंडन आपल्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेचार तास, थंडीत साडेपाच. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात, म्हणून हा फरक. आमचं विमान दुपारी 2 ला सुटून संध्याकाळी 7 ला पोचलं. पाचात साडेचार मिळवा, म्हणजे साडेनऊ तास. आमच्या ह्यांनी हातातलं घड्याळ हट्टाने भारताच्याच वेळेवर ठेवलं होतं. जुलै महिना, खिडकीबाहेर चांगलं ऊन, आणि ह्यांच्या मनगटावर रात्रीचे साडेअकरा!

येताना उलट. सकाळी 10 ला सुटून रात्री सव्वाअकराला मुंबई. दिसतात सव्वातेरा, त्यातले साडेचार वजा केले की पावणेनऊ. म्हणजे परतीला खरोखरच पाऊण तास कमी लागला. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. थंडीत त्याचा जोर आणखी वाढतो.

दुसरी एक गोष्ट, एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आहे. त्यांना वळसा पडतो, वेळ वाढतो. तिकीट काढताना कंपनी बघूनच तास मोजा.

आणि खरं सांगू का, मोजायचं तर घराच्या दारापासून मोजा. आम्ही संध्याकाळी 7 ला बेळगावातल्या शहापुरातून निघालो, रात्रभर बस, पहाटे मुंबई, तिथे भावाकडे अंघोळ-चहा, मग विमानतळावर तीन तास आधी. तिकडे शिक्के, बॅगा आटपून बाहेर पडलो तेव्हा ह्यांच्या घड्याळात रात्रीचा एक वाजला होता. तीस तास! सांबऱ्याहून विमानाने गेलात तर रात्रीची बस वाचेल, पण दोन्ही तिकिटं एकत्रच काढा. वेगळी काढलीत तर देशातल्या विमानात साधारण 15 किलोच सामान चालतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं कुणी थांबवत नाही.

कुंदा, ही आपली बेळगावची दुधाची मिठाई, मात्र नेऊ नका. आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. मला हे आदल्या दिवशी कळलं. किलोभर कुंदा शेजारच्या पोरांनी संपवला.