स्नायुपेशी फोडल्यावर हाती येतो तो कप्पा की अंश?

प्रश्न इंदूरहून आला आहे. मराठी मंडळातल्या व्याख्यानासाठी एका विद्यार्थिनीने लिहिलं, ‘स्नायुपेशींचे विभाजन करून आतले कप्पे वेगळे काढले.’ तिला म्हणायचं होतं ‘फ्रॅक्शनेशन’: पेशी फोडून, नळीत घालून सेंट्रिफ्यूज यंत्रात जोरात फिरवून आतले घटक वेगळे करणं. ‘विभाजना’वर कोणीतरी बोट ठेवलं. मग हिंदीतलं ‘प्रभाजन’ चालेल का? आणि नळीतल्या गाळाला ‘साका’, वरच्या द्रवाला ‘निवळी’ म्हणावं का?

‘विभाजन’ नकोच. पेशीविभाजन म्हणजे एका पेशीच्या दोन होणं, हे शाळेपासून पक्कं बसलेलं असतं. ‘विलगीकरण’ 2020 पासून थेट दवाखान्याच्या वॉर्डात नेतं. ‘पृथक्करण’ जवळचं आहे, पण रासायनिक पृथक्करणामुळे त्याला ‘काय काय आहे ते ओळखणं’ असा अर्थ चिकटला आहे. ‘प्रभाजन’ चूक नाही, हिंदीतून विज्ञान शिकलेल्यांना लगेच कळेल. माझी पसंती मात्र ‘अंशीकरणा’ला, कारण मग हाती येणाऱ्या मालाला सरळ ‘अंश’ म्हणता येतं.

खरा घोटाळा ‘कप्पे’ या शब्दात आहे. कप्पा पेशीत असतो, नळीत अंश येतो, आणि स्नायूच्या बाबतीत या दोहोंत बरंच अंतर पडतं. चरबी आणि कंडरा काढून स्नायू बर्फावर बारीक कातरतात आणि एका ग्रॅमला साधारण 10 मिलिलिटर थंड बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून एकजीव करतात. (‘घुसळतात’ लिहू नये, फेस आला की प्रथिनं बिघडतात.) यकृतासाठी सुक्रोजचं द्रावण चालतं, पण त्यात स्नायूचे तंतुक (आकसणारे बारीक धागे, मायोफायब्रिल) फुगून लगदा होतो. म्हणून बरेच जण 100 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड वापरतात. ते 600 मिलिमोलरपर्यंत नेलं तर तंतुकांतलं मायोसिन हे प्रथिन विरघळून सगळं चिकट होतं. कॅल्शियम सुटून तंतुक आकसू नयेत म्हणून ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) घालतात.

गुरुत्वाच्या 600 ते 1000 पट जोराने 10 मिनिटं फिरवलं की केंद्रकं, तंतुक आणि न फुटलेले तुकडे तळाशी बसतात. या साक्याला ‘केंद्रकांचा अंश’ म्हणणं धाडसाचं, कारण तंतुकांच्या मध्ये अडकलेल्या तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) त्यातच राहतात. त्या सोडवायला ट्रिप्सिनसारखं प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम) थोडाच वेळ लावून लगेच थांबवावं लागतं. उशीर झाला तर हवी असलेली प्रथिनंही कापली जातात. पुढे वरचा द्रव 10,000 पटीला फिरवला की पेशीपटलाखालच्या, सहज सुटलेल्या तंतुकणिका मिळतात. 1,00,000 पटीला तासाभराने मिळतो तो मायक्रोसोमांचा अंश, आणि मायक्रोसोम नावाचा कप्पा जिवंत स्नायूत नसतोच! आंतर्द्रव्यजालिकेचे (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याचे) तुकडे आपोआप मिटून पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, होतात, त्यांत पेशीपटलाचेही तुकडे मिसळतात. म्हणून नाव देताना ‘बहुल’ जोडावं: ‘तंतुकणिकाबहुल अंश’. तो खरंच तसा आहे का, हे खुणेच्या प्रथिनांवरून ठरतं: तंतुकणिकांसाठी सायट्रेट सिंथेज, जालिकेसाठी सर्का, केंद्रकासाठी हिस्टोन एच3. ही प्रत्येक अंशात तपासावीत, फक्त ‘आपल्या’ अंशात नव्हे.

‘साका’ झकास शब्द आहे, बिनधास्त वापरा. ‘निवळी’ जपून. चुन्याची निवळी पारदर्शक असते, पण पहिल्या फेरीनंतर नळीतला वरचा द्रव गढूळच असतो, कारण तंतुकणिका अजून त्यातच असतात. तिथे ‘वरचा द्रव’ म्हणा. निवळी शेवटच्या फेरीनंतरची. तिच्यावर चरबीचा पातळ पापुद्रा तरंगतो, पिपेट त्याच्या खाली न्यायचं.

वेग ‘मिनिटाला 10,000 फेरे’ असा लिहू नका. रोटरची त्रिज्या 8 सेंटिमीटर असेल तर तो जोर सुमारे 8,900 पट होतो, 10 असेल तर 11,200. दुसऱ्याच्या यंत्रावर तोच आकडा लावला की अंश बदलतो.

आणि इंदुरातली खास अडचण: हिंदीत ‘पेशी’ म्हणजे मसल (कोर्टातली पेशी वेगळीच), सेलला ‘कोशिका’, ‘स्नायु’ म्हटलं की पुष्कळांना नस आठवते. तुमची ‘स्नायुपेशी’ ऐकून अर्धं सभागृह नसांकडे जाईल. पहिल्या उल्लेखाला ‘स्नायूची, म्हणजे मसलची, पेशी’ एवढं म्हणा आणि वाक्य असं घ्या: ‘स्नायुपेशी फोडून, टप्प्याटप्प्याने जोर वाढवत फिरवून, त्यांच्या घटकांचे अंश वेगळे केले.’