टीव्ही तेवढा पुण्याच्या इंटरनेटवर, बाकी घर म्युनिकच्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात पुण्याहून म्युनिकला यायचंय, नंतर आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतील. त्यांच्या मालिका आणि क्रिकेट यांसाठी हॉलमधला टीव्ही तेवढा पुण्याच्या जोडणीवरून चालावा. ऑफिसचा लॅपटॉप, फोन वगैरे मात्र सरळ जर्मन इंटरनेटवर. हे होतं, आणि नीट होतं. पण यातलं अवघड काम म्युनिकला नाही, पुण्याला आहे. इकडची बाजू इथे आल्यावर कधीही जुळवता येते. तिकडच्या यंत्राला एकदा विमान सुटलं की हात लावता येत नाही.

वर्गणी भरून मिळणाऱ्या व्हीपीएनमध्ये (तुमचा प्रवाह दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रातून बाहेर काढणारी सेवा) 'इंडिया' निवडायचं, हा सोपा वाटणारा मार्ग आधीच बाद करतो. सर्ट-इनने (भारत सरकारची सायबरसुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता बऱ्याच ठिकाणी मिळतो तो आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नावाला भारतीय असतो, यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला. शिवाय असा एकेक आयपी असंख्य लोक एकाच वेळी वापरतात, त्यामुळे स्ट्रीमिंगवाले तो ओळखून अडवतात. आज चालेल, उद्या ऐन मॅचच्या वेळी बंद. घरगुती ब्रॉडबँडच्या आयपीला हा त्रास सहसा होत नाही. म्हणून बाहेर पडायचा रस्ता तुमच्या स्वतःच्या पुण्याच्या घरातूनच काढायचा.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. जर्मनीत व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही, पण स्ट्रीमिंग सेवांच्या अटींमध्ये भौगोलिक मर्यादा असतात आणि त्या मोडल्या तर खातं बंद होऊ शकतं. म्हणून तुमच्या मालिकांसाठी परदेशातली अधिकृत वर्गणी मिळते का ते आधी बघा. मिळत असेल तर एवढा खटाटोप कशाला? (हेच उत्तर वाचून दुबईत प्रयोग करू नका. आयपी लपवून गुन्हा केला तर अमिरातीत पाच लाख ते वीस लाख दिरहम दंडाची तरतूद आहे.) दुसरं, पुण्याची जोडणी तुमच्या किंवा बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे तिच्यावरून जे काही होईल त्याचा जाब त्याच नावाला द्यावा लागेल. इकडचे मित्र 'मलाही दे की' म्हणतील. देऊ नका.

आता पुणं. टीव्हीचा प्रवाह इथून बाहेर काढायला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), दोन जीबी मेमरीचा, पुरेसा आहे. सोबत ५ व्होल्ट ३ अँपियरचा मूळ अडॅप्टरच घ्या. फोनच्या चार्जरवर पाय चालतो असं वाटतं आणि मग लोड आला की अडतो. वीज अचानक गेली की साधं एसडी कार्ड खराब होतं, म्हणून हाय-एन्ड्युरन्स कार्ड किंवा यूएसबीवर लहान एसएसडी वापरा. राउटर आणि पाय दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा. पाय राउटरला केबलनेच जोडा, वायफायवर नको, आणि राउटरमध्ये त्याचा आयपी कायमचा राखून ठेवा.

मग जोडणी तपासा. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा आयपी एकच आहे का? राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे आणि बाहेरून तुमच्या घरापर्यंत कुणी पोचू शकत नाही. जिओफायबरवर हे नेहमीचंच. अशा वेळी तीन वाटा आहेत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणं. किंवा दिशा उलटी करणं: म्युनिकच्या राउटरने यूडीपी ५१८२० पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीचं दार) उघडा ठेवून वाट बघायची आणि पुण्याच्या पायने वायरगार्डवरून (व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे टनेल, बांधणारं सॉफ्टवेअर) तिकडे जोडून घ्यायचं, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा इशारा) २५ सेकंद ठेवून. पण म्युनिकलाही केबल किंवा फायबरवर बरेचदा डीएस-लाइट मिळतं, म्हणजे आयपीव्ही४ साठी (जुन्या पद्धतीचे पत्ते) सीजीनॅटचीच रड. म्हणून तुम्हाला मी तिसरी वाट सुचवेन: टेलस्केल. आतून वायरगार्डच, पण दोन्ही बाजूंना असा वाटलेला पत्ता (नॅट) असला तरी बहुतेक वेळा वाट काढतं.

पायवर टेलस्केल टाका, आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्याचा प्रवाह पुढे पाठवणं) चालू करा, पायला एक्झिट नोड (प्रवाह बाहेर पडायचं ठिकाण) म्हणून जाहीर करा आणि ॲडमिन कन्सोलमध्ये जाऊन त्याला मंजुरी द्या. ही शेवटची पायरी लोक विसरतात. त्याच पानावर पायसाठी 'की एक्सपायरी' (लॉगिनची मुदत) बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते. बंद केली नाही तर सहा महिन्यांनी पाय निमूटपणे जाळ्याबाहेर पडेल आणि पुन्हा लॉगिन करायला पुण्यात कुणी नसेल. एक जुना अँड्रॉइड फोनही चार्जरला लावून घरच्या वायफायवर एक्झिट नोड करून ठेवा. पाय रुसला तर निदान मॅच बुडणार नाही.

उलट दिशेचं साधं वायरगार्ड निवडणार असाल तर एक खोच माहीत असू द्या. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आल्यावर तो जुनीच वेळ धरून उठतो, आणि वायरगार्ड आधीपेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक (जोडणीआधीची ओळख) स्वीकारत नाही. वेळ जुळल्यानंतरच वायरगार्ड सुरू होईल असं ठरवून द्या. आणि डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) वापरत असाल तर वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होताना एकदाच शोधतो. आयपी बदलला की टनेल मरतं, म्हणून नाव पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट दर मिनिटाला चालू ठेवावी लागते.

वेगाचं गणित उलटं असतं. टीव्हीकडे येणारा प्रत्येक बाइट आधी पुण्याला उतरतो आणि तिथून वर चढून म्युनिकला येतो, त्यामुळे बघायचा तो पुण्याचा अपलोड. फायबरवर तो डाउनलोडइतकाच असतो, जुन्या केबलवाल्याकडे फारच कमी. एचडीला ५ ते ८ एमबीपीएस पुरतात, पण अंतरामुळे जोर कमी पडतो, म्हणून निदान ३० असू द्या. फोर-केचा हट्ट सोडा. डेटाही दुप्पट मोजला जातो: एचडीचा तास ३ जीबी धरला तर पुण्याच्या खात्यावर ६. रोज चार तास म्हणजे महिन्याला ७२० जीबी. 'अमर्याद' प्लॅनची साधारण ३३०० जीबीची मर्यादा त्यापेक्षा बरीच वर आहे.

म्युनिकची बाजू टीव्हीवर ठरते. गूगल टीव्ही किंवा ॲपल टीव्ही असेल तर टेलस्केलचं ॲप थेट त्यावर चढतं. एक्झिट नोड म्हणून पाय निवडला की झालं, राउटरला हात लावायची गरजच नाही. सॅमसंग, एलजीवर असं ॲप नाही, तिथे गूगल टीव्हीचा डबा जोडा. उणीव एकच: टीव्ही बंद-चालू झाल्यावर ॲप जोडलेलं आहे की नाही हे बघावं लागतं, आणि ते आई-बाबांना रोज करायला लावू नये. म्हणून पक्कं काम हवं असेल तर राउटर.

इथेही आडवाट सोपी आहे. मुख्य फ्रिट्झबॉक्सला (जर्मनीतला नेहमीचा राउटर) हात न लावता त्याच्यामागे जीएल.आयनेटसारखा छोटा राउटर लावा, फक्त टीव्ही त्याला केबलने जोडा आणि त्या राउटरचा सगळा प्रवाह पुण्याला पाठवा. 'एकच उपकरण' हा नियम मग सॉफ्टवेअरमध्ये लिहावाच लागत नाही. केबलच नियम होते. त्यातलं 'व्हीपीएनबाहेरचा प्रवाह अडवा' हे बटण चालू ठेवा, नाहीतर टनेल तुटल्या क्षणी टीव्ही गुपचूप जर्मन आयपीवर जातो आणि ॲपला दोन देश दिसतात.

एकाच राउटरवर सगळं करायचं असेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) आणि त्यातलं पीबीआर पॅकेज (कुठला प्रवाह कुठून जाईल ते ठरवणारं). टीव्हीला कायमचा आयपी द्या, टीव्हीवर रॅन्डम मॅक (बदलता उपकरण-क्रमांक) असेल तर बंद करा, आणि 'या आयपीवरून येणारं टनेलमधून' असा एकच नियम लिहा. हमखास होणारी चूक: वायरगार्डच्या पीअरमध्ये (समोरच्या टोकाची नोंद) अलाउड आयपीज (टनेलमधून जाऊ शकणारे पत्ते) सगळ्या पत्त्यांसाठी ठेवून 'रूट अलाउड आयपीज'ची खूणही तशीच ठेवणं. मग अख्खं घर पुण्यामार्गे फिरतं आणि ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल सिक्युरिटीवाल्यांचा फोन येतो. अलाउड आयपीज राहू द्या, खूण काढा.

तरीही टीव्ही जर्मनीतच दिसला, तर बहुतेक वेळा कारण आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते). इकडच्या कंपन्या ते देतातच, टीव्ही ते आपोआप उचलतो, आणि तुमचा नियम फक्त आयपीव्ही४ चा असतो. टीव्हीला वेगळ्या जाळ्यात टाकून तिथे आयपीव्ही६ बंद करा. त्यानंतर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) बघा: काही टीव्ही राउटरचं न ऐकता थेट गूगलच्या ८.८.८.८ ला विचारतात, म्हणून टीव्हीचे ५३ पोर्टवरचे सगळे प्रश्न टनेलमधूनच जातील असं करा. आणि मेनू दिसतो, चित्रं दिसतात, पण व्हिडिओ फिरत राहतो, हे लक्षण एमटीयूचं (एका पाकिटाचं कमाल माप, बाइटमध्ये). वायरगार्ड १४२० धरतो. पीपीपीओई (डीएसएलवरची लॉगिनची पद्धत) किंवा डीएस-लाइट मध्ये आलं की तेवढी जागा उरत नाही. १२८० करा, चाललं की वाढवत न्या, एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं त्या मापात बसवणं) चालू ठेवा.

दोन्ही घरांचे आतले पत्तेही वेगळे हवेत. जिओचा राउटर १९२.१६८.२९ वापरतो, फ्रिट्झबॉक्स १९२.१६८.१७८, त्यामुळे भांडण नाही. पण दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर एक बदला. टीव्हीवर भारतातलंच गूगल खातं ठेवा, कारण त्याचा गूगल प्लेमधला देश वर्षातून एकदाच बदलता येतो. ओटीपीसाठी भारतीय सिम रोमिंगसह जिवंत ठेवा.

निघण्याआधी पुण्यातच चाचणी घ्या: छोटा राउटर आणि टीव्हीचा डबा फोनच्या हॉटस्पॉटवर लावा. घरच्या वायफायवरून घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. मग पायची वीज मुद्दाम काढा, पाच मिनिटांनी लावा, आणि काहीही न दाबता टनेल परत येतं का बघा.

आई-बाबा इकडे येतील तेव्हा पुण्याचं घर बंद असेल, आणि घर बंद करताना मेन स्विच पाडून निघायची आपल्याकडची पद्धत आहे. तेव्हा राउटर कुठल्या एमसीबीवर आहे ते बघून तो चालू ठेवायला सांगा, त्यावर चिठ्ठी चिकटवा, ब्रॉडबँडचं रिचार्ज तीन महिन्यांचं आधीच भरा आणि एक किल्ली शेजारी द्या.