आधी तबली, मग पिकअप

एकतारीचा आवाज वाढवायला भोपळा मोठा घेतोयस, पण त्याने मुख्यतः खर्ज भरतो. तार बारीक, ती हवा फारशी हलवत नाही. ती घोडी (तार टेकते तो छोटा तुकडा) हलवते, घोडी तबलीला (भोपळ्याच्या तोंडावरची पातळ लाकडी फळी) आणि तबली हवेला. तेव्हा मेहनत तबलीवर घाल. सागवान टिकाऊ खरं, पण जड. देवदाराची सरळ रेषांची फळी घे, रेषा तारेच्या दिशेने ठेव. रंध्याने ३ मिमीपर्यंत आण, मग टिचकी मारत कडेकडेने तासत जा. कोरडी 'ठक' जाऊन घुमायला लागली की थांब. फार पातळ केलीस तर घोडीखाली खचते. आतून एक आडवी पट्टी हवीच. घोडी हलकी ठेव, काठाजवळ बसवू नकोस; तिथे तबली हलतच नाही.

नागपुरात चिकटवायचं काम उन्हाळ्यातच उरक, तेही कूलरच्या ओल्या हवेपासून लांब. ऑगस्टात ओल प्यायलेली तबली मे महिन्यात आक्रसते आणि रेषेवर फाटते.

एवढं करूनही मंडपात पुरेना, तर घोडीखाली पिकअप म्हणून पिएझो चकती (कंपनांचा विद्युत सिग्नल करणारी) लाव. थेट मिक्सरला जोडलीस तर खर्ज गळतो, आवाज पत्र्यासारखा येतो. मध्ये किमान १ मेगाओहम इनपुट रोधाचा प्रीअँप (मिक्सरआधी सिग्नल सांभाळणारं छोटं यंत्र) घाल.