लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावांच्या नावाच्या खोल्या कशा काय?

याचं मूळ गिरण्यांच्या भरतीत आहे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली, पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि कोकण-घाटावरचा माणूस इकडे आला. पगार तुटपुंजा, त्यामुळे बायकापोरं गावीच. मग एका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यायची. भिंतीला ज्याची त्याची ट्रंक, खुंटीला कपडे. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीवाल्याने जागा सोडायची. गावकीचे नियम, वर्गणी, भजन, सगळं त्या खोलीत आलं.

जेवणाचं काय? ते खानावळवाल्या बायकांनी सांभाळलं. माझ्या मते गिरणगावच्या इतिहासात यांच्यावर सगळ्यात कमी लिहिलं गेलंय, आणि हा अन्यायच आहे. महिनाभर उधारीवर जेवू घालायचं, पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाणसामानासाठी सावकाराचं कर्ज. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. काही गावांच्या खोल्या मात्र अजून आहेत; नोकरीसाठी येणारी पोरं तिथेच उतरतात.